मागची खुर्ची

"मिस ट्वायला मासे धरतात, की नुसत्याच सोबत येतात?" बोटी विकणाऱ्या ब्रँटलीने विचारलं. विचारलं ते मला नाही, रॉइसला. मी रॉइसच्या शेजारीच उभी होते. माझ्या हातात त्याची काठी होती, पर्समध्ये त्याच्या दुपारच्या गोळ्या होत्या, आणि तो दाढीवाला पोरगा माझं नाव घेऊन माझ्या नवऱ्याला माझ्याबद्दल विचारत होता. रॉइसने विचारसुद्धा केला नाही. समोरच्या एकवीस फुटी बोटीच्या चमचमत्या लाल अंगावरून उजवा हात फिरवत तो म्हणाला, "ती? ती ऊन खायला येते." दोघं हसले. मीही हसले. अलाबामात वाढलेल्या बाईला हसू आधी फुटतं आणि अपमान मागाहून कळतो. यावेळी मात्र तो मागाहून आला नाही. हसता हसताच हातातली काठी मी जमिनीवर जरा जोरात टेकवली. ब्रँटलीला वाटलं, मला बसायचं असेल. "मिस ट्वायला, तिकडे खुर्च्या आहेत, गोड चहा आहे," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, मी बरी आहे इथेच.

ऊन खायला! तीस वर्षं मी या माणसाच्या बोटीत मागच्या खुर्चीवर बसून गळ टाकत आले. पहाटेच्या थंडीत हात बधिर होईपर्यंत टाकले, जुलैत ओठ फुटेपर्यंत टाकले, आणि त्याच्याकडून उरलेल्या पाण्यात टाकूनही मासे काढले. एकदा तर दुकानाखालच्या याच तलावात, पाण्यातून जाणाऱ्या रस्त्याच्या दगडी भरावापाशी, आठ पौंडांचा बास मासा काढला होता. त्याचा फोटो अजून आमच्या फ्रीजवर आहे. फोटोत मासा रॉइसच्या हातात आहे. मासा निसटू नये म्हणून त्याने धरला, असं तेव्हा आमचं ठरलं होतं. आता घरी येणारे लोक फोटो बघून रॉइसला शाबासकी देतात आणि तो ती घेतो. हे सगळं मी तिथे उभ्या उभ्या आठवत होते आणि ब्रँटली मोटरवरचं काळं झाकण उचलून रॉइसला आतलं दाखवत होता. अडीचशे हॉर्सपॉवर. सपाट पाण्यावर ताशी सत्तर मैल सहज, तो म्हणत होता. रॉइस मान डोलवत होता. त्याच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात जरा लाळ जमली होती. एरवी मी चटकन रुमाल काढते. त्या दिवशी नाही काढला.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला. डावा पाय ओढत चालतो, डाव्या हातात कप धरला तर अर्धी कॉफी बशीत. वाचा शाबूत आहे, अगदी पूर्वीइतकीच, त्यात देवाने काही कमी केलं नाही. त्याच उन्हाळ्यात जुन्या बोटीची मोटर ज्या फळीवर बसते ती आतून कुजलेली निघाली. बोट भंगारात गेली आणि तो अंगणातल्या रिकाम्या ट्रेलरकडे बघत व्हरांड्यात बसू लागला. हंट्सविलमधल्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्या अंगणात गाड्या आणि आमच्या अंगणात तो रिकामा सांगाडा. मला त्याची दया आली, हे मी लपवत नाही. मीच म्हटलं, नवी घेऊ या. चालवायची मी, ट्रेलर मागे घेऊन उतारावरून पाण्यात सोडायची मी, तेव्हा निवडायचीही मी, असं मी हिवाळाभर स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून ठरवलं होतं. अॅल्युमिनियमची, अठरा फुटांची, म्हणजे काठाच्या खड्यांना घासली तरी जीव वर येणार नाही. पुढचा मंच बुटका, चढायला एक पायरी असलेला. मागे एकशे पंधराची मोटर, आवाज न करणारी. आणि पुढे नाकावर पायाने चालवायची विजेची छोटी मोटर, काठाकाठाने हळूहळू सरकायला. ते पेडल ज्याच्या पायाखाली, बोट त्याची. कागदोपत्री ती कुणाच्याही नावावर असो.

आणि त्या पेडलवर आता रॉइस उभा राहू शकत नव्हता. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, फक्त कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. म्हणून त्याच्यासाठी मी एक खुर्ची हेरून ठेवली होती. मी सव्वीस वर्षं मोटारींची आसनं शिवणाऱ्या कारखान्यात काढली. कुठला फोम वर्षभरात बसतो आणि कुठला टिकतो हे मला पाठीनेच कळतं. ब्रँटलीच्या दुकानात मागच्या भिंतीला ती टांगलेली होती. उंच पाठीची, दोन्ही बाजूंना हात टेकायला गाद्या, फिरणारी, खाली स्प्रिंग. लाटेचा दणका कमरेपर्यंत पोचू न देणारी. ती बोटीच्या मागच्या खांबावर बसवायची आणि रॉइसने त्यात आरामात बसून गळ टाकायचे, असं माझ्या मनात होतं. जुन्या बोटीतली मागची खुर्ची, माझी, म्हणजे प्लॅस्टिकची एक घडीची पाटी होती. तिच्या रेक्झिनला मधोमध चीर पडली होती आणि बोट उडाली की ती चीर मांडीचं कातडं चिमट्यात धरायची. मी रॉइसची पुढची खुर्ची दोनदा नव्याने मढवून दिली, दुहेरी शिलाई घालून. दुसऱ्या वेळी म्हटलं, मागचीही काढून दे, एका रविवारी करून टाकते. तो म्हणाला, "राहू दे गं, तिथं बसतं कोण?" तेव्हासुद्धा मी हसले असणार.

"मिस ट्वायला, हिच्यात कप ठेवायला आठ जागा आहेत बरं का," ब्रँटली मला म्हणाला. आपल्याकडे कुणी बघत नाही असं मला वाटू नये म्हणून म्हणाला.

"मी एका वेळी एकच कप पिते," मी म्हटलं. "ती कोपऱ्यातली अॅल्युमिनियमची पाण्यात आहे का? चालवून बघायचीय."

रॉइसने मान वळवली. "ते डबडं? ट्वायला, असल्यात लोक बदकं मारायला जातात."

"ट्रक कोण चालवणार आहे, रॉइस?"

"तू."

"बोट?"

त्याने टोपी मागे सरकवली. मग ब्रँटलीकडे बघून डोळा मिचकावत म्हणाला, "पोरा, बायको निवृत्त होऊ देऊ नकोस कधी. घरातलं सरकार बदलतं." ब्रँटली हसला. हा रॉइसचा जुना हातखंडा. हरला की समोरच्या माणसाला हसवतो, मग हरल्यासारखं दिसत नाही. ब्रँटली म्हणाला, तसलीच एक खाली धक्क्याला बांधलेली आहे, पेट्रोल आहे, आत्ताच जाऊ. मी म्हटलं, ती हातांची खुर्चीही घे, मागच्या खांबावर बसवून बघू. पुढचा नि मागचा खांब एकाच मापाचा, खुर्ची कुठेही बसते, असं सांगत त्याने ती काखोटीला मारली आणि दारातल्या माणसाला ओरडून सांगितलं की तो अर्ध्या तासात येतो.

उतारावरून रॉइसला खाली नेताना मी त्याचा डावा दंड धरला होता. डॉगवूडला फुलं आली होती, पाण्यावर सकाळचं धुकं विरत होतं. एप्रिलमध्ये बास अंडी घालायला काठाशी उथळ पाण्यात येतात, तेव्हा या तलावावरच्या अर्ध्या पुरुषांना एकाच वेळी पाठदुखी होते आणि कामावर जाता येत नाही. रॉइसचा दंड माझ्या हातात जड लागत होता आणि मला नोरीन आठवत होती. नोरीन माझी धाकटी बहीण. ती एकदाच आमच्याबरोबर बोटीत आली. दिवसभर काही बोलली नाही, आणि संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात, रॉइस अंगणात बोट धुत असताना, सँडविचला चीज फासत मला म्हणाली, "तो तुला मुद्दाम उघड्या पाण्यावर ठेवतो."

ज्याने कधी कुणाच्या मागे बसून गळ टाकला नाही त्याला हे सांगावं लागेल. मासा काठाशी असतो. पडलेल्या झाडाखाली, गवताच्या कडेला, लोकांच्या खासगी धक्क्यांच्या खांबांत. पुढचा माणूस बोट काठाला समांतर ठेवून सरकला तर त्याच्याइतकाच काठ मागच्यालाही मिळतो. पण त्याने बोटीचं नाक जरा आत वळवलं की शेपूट बाहेर जातं. मग पुढच्याला काठ हातभर अंतरावर, आणि मागच्यासमोर नुसतं मोकळं, खोल, रिकामं पाणी. त्यात तो दिवसभर गळ टाकत राहतो आणि संध्याकाळी पुढचा म्हणतो, आज तुझं नशीब नव्हतं. स्पर्धेत कुणी असं केलं तर वजनकाट्यापाशी लोक त्याच्याशी हात मिळवत नाहीत. आमच्या भागात बायको पळवणाऱ्याला एक वेळ चर्चमध्ये बसू देतील, मागच्याला उघड्या पाण्यावर ठेवणाऱ्याला दुसऱ्यांदा कुणी बोटीत घेत नाही.

म्हणून मी नोरीनवर भडकले. मुद्दाम! मी तिला म्हटलं, तुला बोटीतलं काय कळतं? वारा असतो, प्रवाह असतो, मागचा भाग जड असतो, तो बाहेर फेकला जातोच. ही कारणं मी बनवलेली नव्हती, ती रॉइसची होती. पहिल्या काही वर्षांत मी जेव्हा जेव्हा म्हणायचे, रॉइस, मला काठ मिळत नाहीये, तेव्हा तो मागे न वळता म्हणायचा, "वारा आहे गं." मी ते मानलं. पुढे पुढे मी विचारायचं सोडलं आणि स्वतःच स्वतःला सांगू लागले: वारा आहे. नोरीन म्हणाली, "ट्वायला, झाडाचं पान हलत नव्हतं आज." मी तिला म्हटलं, तुझा संसार मोडला म्हणून तुला सगळ्यांचे संसार तसेच दिसतात. हे वाक्य मी म्हटलं. रॉइससाठी. त्यानंतर दोन थँक्सगिव्हिंग ती आमच्या घरी आली नाही, आणि आली तेव्हा आम्ही बोटीचा विषय काढला नाही. आजही काढत नाही.

खरं तर मी एकदा पाहिलंही होतं. रॉइसचा मित्र डब हेनी त्या दिवशी त्याच्याबरोबर गेला होता, आणि मी त्यांचं विसरलेलं जेवण द्यायला पार्कमधल्या काठावर गेले होते. बोट माझ्यासमोरून गेली, शांतपणे, काठाला अगदी समांतर, पट्टी धरून रेघ मारावी तशी. रॉइस पुढे, डब मागे, दोघांचे गळ आळीपाळीने काठाला. डब ओरडला, "मिस ट्वायला, तुमचा नवरा आज सैतानासारखा मासे काढतोय आणि मलाही काढू देतोय!" मी हात हलवला. परत ट्रककडे येताना मी स्वतःला समजावलं की डब वजनदार आहे, त्याच्या वजनाने बोटीचं मागचं टोक पाण्यात दाबलं जातं आणि मग वारा लागत नाही. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो. मी आसनं शिवणारी बाई, मला वजनाचं कळतं, आणि मी स्वतःला हे समजावलं.

कारण नोरीनचं खरं असतं तर मला त्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं. तो दारू पीत नव्हता, हात उचलत नव्हता, इतर बायकांकडे बघत नव्हता. आईला सांगायला गेले असते तर तिने विचारलं असतं, म्हणजे नक्की केलं काय त्याने? बोट जरा वाकडी धरतो, एवढंच सांगता आलं असतं. आणि बेफिकिरीला माफी असते. ज्याला दिसत नाही त्याला माफ करता येतं, जन्मभर करता येतं, त्याच्या पायात मोजे चढवता येतात, त्याच्या शर्टाची बटणं लावता येतात. मी गेलं वर्षभर लावते आहे. रोज सकाळी त्याच्यासमोर वाकून बटणं लावताना मी मनात म्हणते, बिचाऱ्याला कळत नाही. या एका वाक्यावर आमचं घर उभं आहे. ब्रँटलीच्या दुकानात 'ऊन खायला येते' ऐकूनही मी तेच म्हटलं. त्याला दिसलंच नाही कधी मागे, म्हटलं. डोकं पुढे, डोळे काठावर. मागे कोण आहे त्याला काय माहीत.

अॅल्युमिनियमची बोट धक्क्याला हलत होती. ब्रँटलीने हातांची खुर्ची मागच्या खांबावर ठोकून बसवली. मी स्टिअरिंगशी बसले, चालवणारा पाण्यात पडला तर मोटर बंद पाडणारी लाल दोरी कमरेला अडकवली आणि किल्ली फिरवली. मोटर चालू झाल्याचं कळलंसुद्धा नाही. रॉइसने तोंड वाकडं केलं. त्याला मोटर छातीत ऐकू यायला हवी असते. मोकळ्या पाण्यात मी वेग दिला तेव्हा बोटीने नाक जरा उचललं आणि लगेच खाली घेतलं, आणि आम्ही पुलाखालून ब्राउन्स क्रीकच्या फाट्यात शिरलो. वारा चेहऱ्यावर होता. मी आनंदात होते, हे मला आठवतं, कारण तो आनंद पुढे फार वेळ टिकला नाही. शेजारी रॉइस गुडघ्यावर उजवा हात ठेवून बसला होता आणि ओरडून ब्रँटलीला सांगत होता, "हिला पन्नासच्या वर नेऊ देऊ नकोस, केस विस्कटतील!"

धक्क्यांच्या रांगेपाशी मी मोटर बंद केली. रॉइसला आधार देऊन मागे नेलं, खुर्चीत बसवलं, रॉड हातात दिला. उजव्या हाताने गळ टाकायचा, मग रॉडचा दांडा डाव्या काखेत दाबून त्याच उजव्या हाताने हळूहळू रीळ फिरवायचं, हे तो हिवाळ्यात अंगणात शिकला होता. त्याने पाठ टेकली, हात गाद्यांवर ठेवले. "खुर्ची झकास आहे," तो म्हणाला. मला बरं वाटलं. ब्रँटली मधल्या सीटवर फोन काढून बसला. मी पुढे गेले, एक पायरी चढले, विजेची मोटर पाण्यात सोडली आणि पेडलवर पाय ठेवला.

तीस वर्षांत मी तिथून तलाव पाहिलाच नव्हता. पुढे कुणी नव्हतं. कुणाची पाठ नव्हती, घामाने भिजलेला शर्ट नव्हता, टोपीखालचा मानेचा लाल पट्टा नव्हता. नुसतं पाणी, आणि धक्क्याचे खांब, आणि खांबांखालची ती काळसर सावली, अजून कुणी हात न लावलेली. मी बोट काठाला समांतर ठेवली. पहिल्यापासून तसंच ठरवलं होतं, रॉइसला काठ मिळावा म्हणून. टाचेने दाबलं की एकीकडे, चवड्याने दाबलं की दुसरीकडे. कारखान्यात मी जन्मभर शिलाईयंत्राचं पेडल दाबलं, पायाला लगेच जमलं. मी गळ टाकला. खांबाच्या अगदी मुळाशी पडला. मागे रॉइसचाही पडला, जरा अलीकडे.

मग झुळूक आली. फार नाही, पाण्यावर सुरकुती पडेल इतकीच. शेपूट बाहेर सरकू लागलं आणि नाक आत गेलं. ते मी केलं नाही, पण मला दिसलं. पायाखाली लगेच कळलं, कापड सुईखाली तिरपं जायला लागलं की कळतं तसं. आणि मी पाय हलवला नाही. का नाही हलवला ते मला सांगता येईल, पण त्या क्षणी मी काही विचार करत नव्हते, मला फक्त पुढचा धक्का दिसत होता. मी गळ टाकला. मग पुन्हा एकदा.

"ट्वायला," मागून आवाज आला. "नाक आत घालू नकोस. मला काठच राहिला नाही."

मी मागे वळले नाही. माझ्या तोंडातून जे आलं ते मी ठरवून म्हटलं नाही. तीस वर्षं ऐकलेलं होतं, तेच आलं. "वारा आहे, रॉइस."

"वारा!" तो म्हणाला, आणि मोठ्याने हसला. "ऐक पोरा, वारा म्हणे! अगं, असल्या वाऱ्यात पेडलवर एक टिचकी मारली की शेपूट सरळ होतं. आंधळ्यालाही कळतं ते. जो टिचकी मारत नाही तो मुद्दाम मारत नाही. मला नको शिकवूस."

ब्रँटली फोनमधून डोकं न काढता हसला. कुठेतरी काठावर कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालू केलं. मी खाली पायाकडे बघितलं. मग चवडा किंचित दाबला, एकदाच. पाण्यात विजेची मोटर गुणगुणली, आणि बोट वळली. शेपूट आत आलं, नाक बाहेर आलं, आणि आम्ही काठाला समांतर झालो, पट्टी धरून रेघ मारावी तसे. श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. एवढंच होतं ते. तीस वर्षं त्याला एवढंच करायचं होतं, आणि तो तिथे उभा राहून, माझा आवाज ऐकून, रोज, प्रत्येक धक्क्यापाशी, ते करत नव्हता.

तेव्हा मी वळले. रॉइस खुर्चीत बसला होता, दोन्ही हात गाद्यांवर. हसू अजून त्याच्या उजव्या गालावर होतं, पण डोळे थांबले होते. आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं होतं. झटक्याने त्याच्या डोक्यातलं काहीच नेलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग रिळाकडे बघितलं, आणि गाठ नसलेल्या दोरीतली गाठ सोडवू लागला. मी वाट बघितली. त्याने काहीतरी म्हणावं असं मला वाटत होतं. खोटं चाललं असतं. 'वारा होता गं तेव्हा,' इतकंच म्हटलं असतं तरी मी त्या दिवशी ते पदरात घेतलं असतं, मला सवय होती. तो म्हणाला, "आता बघ, कसा काठ मिळतो. अशीच धर."

मी तशीच धरली. रांगेतल्या शेवटच्या धक्क्यापर्यंत मी त्याला काठ दिला, एकही खांब चुकवला नाही, आणि माझ्या पायाला त्याचे कष्ट पडले नाहीत. याचाच मला राग होता. कष्ट पडले असते तर बरं झालं असतं. मला नोरीनचे हात दिसत होते, सँडविचला चीज फासणारे, आणि माझा आवाज ऐकू येत होता, तुझा संसार मोडला म्हणून. मला रोज सकाळची बटणं दिसत होती. उद्या सकाळीही शर्ट असणार होता आणि त्याला बटणं असणार होती, आणि ते वाक्य मात्र मला आता म्हणता येणार नव्हतं. त्याच्याशिवाय बटणं कशी लावायची असतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. रॉइसला एक लहानसा मासा लागला. ब्रँटलीने तो सोडवून दिला, पाण्यात टाकला आणि म्हणाला, "अजून हातात कसब आहे हं तुमच्या, सर." रॉइस म्हणाला, "बोट सरळ असली की कुणालाही लागतो."

परत येताना मी वेग कमी केला नाही. रॉइसची टोपी उडून पाण्यात पडली. तो ओरडला, पण मी थांबले नाही. ब्रँटलीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग समोर बघत बसला. धक्क्याला लागल्यावर त्याने दोर बांधला, रॉइसला उतरवायला हात पुढे केला, पण रॉइसने मान हलवून नको म्हटलं. तो खुर्चीतच बसून राहिला, उघड्या डोक्याने. झटक्यानंतर त्याचे केस फार विरळ झाले आहेत. वारा थांबला होता.

"मग काय ठरलं?" ब्रँटलीने विचारलं. यावेळी त्याने मला विचारलं.

"हीच," मी म्हटलं. "हीच मोटर. आहे तशी."

"आणि खुर्ची? सरांना आवडलेली दिसतेय."

"खुर्चीही घेते. चांगली आहे ती, फोम टिकणारा आहे," मी म्हटलं. "पुढच्या खांबावर बसव."

ब्रँटली थांबला. त्याने रॉइसकडे बघितलं, जसं दुकानात बघत होता तसं. रॉइसने डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. "आणि मी कुठं बसू?" तो म्हणाला. हसवायला म्हणाला नाही.

ब्रँटली चाचरत म्हणाला, "बोटीबरोबर एक साधी येते, सर... घडीची, प्लॅस्टिकची..."

"ती मागं लाव," मी त्याला म्हटलं, आणि मग रॉइसला म्हटलं, "बस की तिथं. ऊन छान लागतं."

 ब्रँटलीने पेटीतून पाना काढला आणि रॉइस उठायची वाट बघत उभा राहिला. रॉइसला एकट्याने उठता येत नव्हतं. मी धक्क्यावर उभी होते, त्याची काठी माझ्या हातात होती, आणि मी ती पुढे केली नाही.